बेहड्यावरचे घरटे

आमच्या शाळेत झाडांची वाटणी होळीनंतर, मोहर गळून आंब्याला बारीक कैऱ्या धरल्या की होत असे. शाळा निवासी होती. आलापल्लीच्या पुढे, भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. तिच्या आवारातली आणि मागच्या नाल्याकाठची झाडे सरकारची, याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. परंतु त्या भागात रानातले मोहाचे एकेक झाडसुद्धा कोणत्या ना कोणत्या घराचे असते. तशी नोंद कुठेच नसते, आणि तरी ते सगळ्यांना ठाऊक असते. हा मोह अमक्याच्या आजापासून त्यांचा. त्याखालची फुले दुसरा कोणी वेचणार नाही, आणि त्याची डहाळी मोडायची झाली तर आधी त्या घरी जाऊन विचारेल. हीच रीत गावाने शाळेला लावली होती. प्रत्येक क्वार्टरला एक झाड. ते पुढच्या होळीपर्यंत त्या क्वार्टरचे. फळ त्याचे, आणि झाडाबद्दलचा शब्दही त्याचाच. नोकरीत जो जुना तो आधी निवडणार, नवा आलेला सर्वांत शेवटी.

नव्वदचे दशक संपत आले होते. आमचे सर्वांत जुने गुरुजी निवृत्त होऊन गेले आणि त्या वर्षी पहिली निवड माझ्याकडे आली. मी विज्ञान शिकवत असे. इतर शिक्षक झाड निवडताना लोणच्याचा विचार करीत. माझा विचार वेगळा होता. मला शेकरू हवे होते.

पश्चिमेकडच्या वाचकाला शेकरू म्हटले की भीमाशंकरचे डोंगर आठवतात. आमच्याकडेही ते आहे, फक्त त्याचे कौतुक कमी. मांजराएवढ्या आकाराची, पाठीला गडद विटकरी रंग असलेली ही मोठी खार सारा जन्म झाडांच्या शेंड्यांवर काढते. जमिनीवर ती सहसा उतरत नाही. पाचवीच्या वर्गाला ‘प्राण्यांचा निवास आणि आहार’ हा पाठ मी दरवर्षी शिकवीत होते, आणि दरवर्षी त्यातल्या शेकरूच्या चित्रावर बोट ठेवून पुढे जात होते. प्रत्यक्षात मी ते पाहिले होते ते एसटीच्या खिडकीतून, एका सागाच्या शेंड्यावरून दुसऱ्यावर जाणारा लाल पट्टा म्हणून. मुलांनी मात्र त्यांच्या गावी ते कितीदा तरी पाहिलेले असे. वर्गात चित्र दाखवताना मला त्यांचा हेवा वाटे. पण तो बारीकसा. खरा हेवा काय असतो ते मला त्या वर्षी कळले.

माझे गणित सरळ होते. शेकरू फळे, बिया, फुले, कोवळी पाने आणि झाडाची साल खाते. उन्हाळ्यात साग, ऐन अशी झाडे उघडी पडतात, तेव्हा ते नाल्याकाठच्या हिरव्या झाडांकडे सरकते. आवारात उन्हाळाभर दाट हिरवे राहणारे, फळ धरणारे आणि रानाला जोडलेले झाड एकच, माझ्या क्वार्टरमागचा मोठा आंबा. त्याचा पसारा मागे नाल्याकाठच्या अर्जुनाच्या झाडाला जाऊन मिळालेला. जिथे अन्न तिथे घर, असे मी अनुमान काढले. अनुमान कसे काढावे हे शिकवणे हा माझा व्यवसाय होता.

“हं बाई, बोला,” मुख्याध्यापक म्हणाले. आम्ही सारे आवारात उभे होतो.

“आंबा,” मी म्हणाले.

मग जांभूळ गेले, चिंच गेली, दोन्ही मोह गेले. शेवटी नव्या बाईंची पाळी आली. त्या चंद्रपूरच्या, घरचा बांगड्यांचा व्यापार, भाऊ, चुलते सगळे दुकानात. शाळेत चित्रकला आणि शिवणकाम शिकवायला त्या दिवाळीनंतर रुजू झाल्या होत्या आणि माझ्या भिंतीला भिंत लागलेल्या क्वार्टरमध्ये राहत होत्या.

“आता राह्यलं काय?” त्यांनी विचारले.

“बेहडा,” मुख्याध्यापक म्हणाले, आणि सगळे हसले. बेहडा नव्या बाईंच्याच स्वयंपाकघरामागे होता. उंच, सरळसोट झाड; फळ औषधाला चिमूटभर लागते, तोंडात टाकण्याच्या कामाचे नाही.

“म्हंजे लोणचं गेलं,” बाई म्हणाल्या. “काढा करून पाजतो मंग सगळ्याइले.”

माझ्या सासूबाई तिथेच उभ्या होत्या. त्या मूल गावच्या, धानाची कामे आटोपली की उन्हाळाभर माझ्याकडे येत, कारण माझे यजमान गडचिरोलीला नोकरीला होते आणि आठवड्याने घरी येत. त्या पुढे होऊन म्हणाल्या, “पोरी, बेहड्यावर भूतं राह्यतेत. सांजच्याले त्याच्याखाली केस सोडून बसू नोको.”

“आजी, कोणी घेत नाई तं ते भूत बी एकटं पडलं असंल बिचारं. मी आली तं त्याले करमंल तरी.”

सासूबाई इतक्या मोकळेपणाने माझ्या कोणत्याही बोलण्यावर कधी हसल्या नव्हत्या.

पुढचे काही आठवडे मी रोज सकाळी शाळा भरण्याआधी आंब्याखाली उभी राहून वर पाहत असे. माकडे येत. राघू येत. पाने गाळून बसलेल्या सागांकडून पिंगळ्याचे ओरडणे येई. शेकरू नाही. आणि मग एका सकाळी दोन्ही अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवरून आवाज आला.

“बाई, जरा इकडं या तं. माझ्या झाडावर कोणी पाल्याचा गोळा करून ठेवून राह्यलं. हे माकडाचं काम हाय का?”

मी गेले आणि वर पाहिले. बेहड्याच्या शेंड्याजवळ, बारीक फांद्यांच्या बेचक्यात, पानांसकट कुरतडलेल्या डहाळ्यांचा मोठा गोल गोळा होता. पाने अजून हिरवी होती. मी उत्तर देणार इतक्यात एक डहाळी तोंडात आडवी धरून तो लाल प्राणी वरच्या फांदीवरून आला, ती डहाळी गोळ्यात खोचली, दोन्ही हातांनी दाबली आणि निघून गेला.

“मोठी खार हाय!” बाई म्हणाल्या.

“शेकरू आहे,” मी म्हणाले. माझा आवाज वर्गातल्यासारखा निघाला.

त्या डहाळीची पाने मी ओळखली होती. ती आंब्याची होती. माझ्या आंब्याची.

एक गोष्ट इथे नीट सांगायला हवी. शेकरू एकच घरटे बांधत नाही. आपल्या हद्दीत ते अनेक घरटी करते. कुठे दुपारची विश्रांती, कुठे रात्रीची झोप, आणि एखादे पिलासाठी राखीव. ही गोष्ट मी शिकवलेली होती, आणि तिच्यावर माझी सारी आशा टिकून राहिली. पहिले बेहड्यावर झाले तर झाले. दुसरे आंब्यावर होईल. म्हणून मी वाट पाहिली. दुसरे घरटे झाले. तेही बेहड्यावरच, थोडे खाली, पूर्वेच्या फांदीवर.

मला जे हवे होते ते इतकेच होते, एक घरटे माझ्या झाडावर. मी ते कोणालाही सांगितले नव्हते, आणि सांगण्यासारखेही नव्हते. चाळिशीकडे झुकलेल्या शिक्षिकेला खारीचे घर आपल्या दारात हवे, हे सांगायचे तरी कोणत्या तोंडाने?

इकडे बाईंचा मागचा ओटा म्हणजे गावचे देऊळ झाला. त्या ओट्यावर बसले की बेहड्याचा शेंडा आणि आंब्याकडची मोकळी जागा एका नजरेत येत असे. माझ्या अंगणातून मात्र मधे माझ्याच आंब्याचा पाला आडवा येई. मुले मधल्या सुटीत तिकडे धावत. गावातल्या बायका पाणी भरून जाताना थांबत. शाळा तपासायला आलेले साहेब माझ्या प्रयोगशाळेच्या कपाटासमोरून नुसते चालत गेले, आणि बेहड्याखाली खुर्ची मागवून चहा प्यायले.

“फारच दुर्मीळ. तुम्ही शोधलं का हे?” त्यांनी बाईंना विचारले.

“नाई सर. त्यानंच मले शोधलं,” बाई म्हणाल्या.

साहेब खूश झाले. मी शेजारी उभी राहून, शेकरूच्या हाताला आतल्या बाजूने रुंद गादीसारखा अंगठा असतो आणि त्यामुळे फांदीवर पकड घट्ट बसते, हे सांगत होते. साहेबांनी मान हलवली आणि बाईंकडून दुसरा कप घेतला.

सासूबाईंचे तर विचारूच नका. बाईंकडे शिवणयंत्र होते, तेव्हा जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायच्या निमित्ताने त्या दुपारी तिकडे जाऊ लागल्या. वाकळ काही पुढे सरकेना. भुताच्या ज्या झाडापासून त्यांनी साऱ्यांना सावध केले होते, त्याच झाडाखाली त्यांची बाज जाऊन पडली.

“आई, दुपारी इथेच पडा ना. पंखा आहे,” मी एकदा म्हणाले.

“तुह्या पंख्याले पायणार का मी? तिथी कसं, डोळ्याले काम राह्यते.”

“ऊन लागेल.”

“बेहड्याची सावली हाय न. अन् ते पोरगी बोलते तं जीव लागते. तू तं सांगतेच. बोलते कुठी?”

माझ्या सांगण्यात काय उणे होते? शेकरू उलटे लटकून खाते, मागचे पाय फांदीला गच्च आणि पुढचे हात मोकळे, शेपटी तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला लोंबलेली. हे मी सासूबाईंना बारकाईने समजावले होते. ससाणा दिसला तर ते पळत नाही, फांदीला चपटे चिकटून राहते, हेही सांगितले होते. बाईंना यातले काही माहीत नव्हते. त्यांनी एकदा बेहड्याच्या बुंध्याशी भाकरीचे तुकडे ठेवले.

“बाई, शेकरू खाली उतरत नाही,” मी भिंतीवरून म्हणाले. “आणि भाकरी त्याचं अन्न नाही. ऐनाची साल, टेंभरं, चारं, बेहड्याच्या बिया—”

“असू द्या न बाई. त्याले नाई आवडली तं कावळा खाईल. पाहुणा आला तं ताट तं ठेवा लागते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडे नव्हते. अर्थात कावळ्यांनीच नेले होते. पण संपूर्ण शाळेत बातमी झाली की बाईंच्या हातची भाकरी शेकरू खाते. मी परिपाठाच्या वेळी मुलांसमोर ही चूक दुरुस्त केली. मुलांनी शांतपणे ऐकून घेतले. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. त्यांना फक्त दुसरी गोष्ट जास्त आवडली होती.

हेव्याचा एक उपयोग असतो. माणूस बारकाईने पाहू लागतो. मे महिन्यात मुले आपापल्या गावी गेली, पण आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणासाठी थांबवून ठेवले होते. तेव्हा माझ्याकडे सकाळ-संध्याकाळचा मोकळा वेळ होता, आणि आंब्याखालून मी जे पाहायचे ते पाहून घेतले. माझे अनुमान कुठे चुकले ते मला पायरीपायरीने कळत गेले.

आंब्याच्या फांद्या जाड, पसरट आणि खालपासून सुरू होणाऱ्या. त्यावर माकड सहज चढते, आणि जिथे कैरी तिथे माकड. जिथे सगळ्यांचे अन्न आहे तिथे लेकुरवाळी मादी घर करीत नाही. बेहड्याचा बुंधा उंचापर्यंत उघडा, फांद्या वरच्या वर आणि शेंड्याशी इतक्या बारीक की माकडाचा भार पेलणार नाही. त्या दिवसांत त्याला फळही नव्हते. कोणालाच नको असलेले झाड, म्हणून ते तिला हवे होते. मी सर्वांत चांगले झाड निवडले होते, आणि चांगले होते म्हणूनच ते माझ्या कामाचे नव्हते. आहार आणि निवास हे दोन शब्द पाठाच्या मथळ्यातसुद्धा वेगवेगळे छापलेले असतात. मी ते दरवर्षी फळ्यावर लिहिले होते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची होती. बेहडा तीन बाजूंनी एकटा होता. एकीकडे खेळाचे मैदान, दुसरीकडे रस्ता, तिसरीकडे क्वार्टरची रांग. रानातून बेहड्यापर्यंत जायला एकच वाट होती. नाल्याचा अर्जुन, मग माझा आंबा, आणि आंब्याची एक लांब आडवी फांदी, जी शिवणकामाच्या खोलीच्या कवेलूंवरून, म्हणजे कौलांवरून, जाऊन थेट बेहड्याच्या पाल्याला भिडत असे. मादी सकाळी त्या फांदीने रानात जाई, जाता-येता माझ्या आंब्यावर पोटभर खाई, डहाळ्या तोडी, आणि त्याच फांदीने परते. माझे झाड तिची खानावळ होते आणि रस्ताही होते. घर तेवढे भिंतीपलीकडे.

आणि त्या घरात आता पिलू होते. ते मी पाहिले नव्हते. परंतु मादी घाईने परतू लागली होती, दिवसातून अनेकदा वरच्या घरट्यात शिरत होती, आणि तिचे स्तन खालून स्पष्ट दिसत होते. शेकरूला बहुधा एकच पिलू होते. बाईंना मी याविषयी काही बोलले नाही. त्यांना कळले असते तर बारसे घातले असते.

आता फांदीकडे येते.

माकडांनाही ती फांदी सोयीची होती. ती तिच्यावरून खोलीच्या छपरावर उड्या मारीत आणि कवेलू फोडीत. पावसाआधी कवेलू उतरवून, फुटके काढून, नवे बसवायचे काम दर उन्हाळ्यात होते. त्या वर्षी मुख्याध्यापकांनी ठरवले की आधी फांदीच काढून टाकायची. तेंदूपत्त्याचा हंगाम चालू होता तोवर कुऱ्हाड धरायला गावात माणूस मिळेना. हंगाम आटोपला आणि एका सकाळी एक वयस्क गडी खांद्यावर कुऱ्हाड घेऊन आवारात आला. मुख्याध्यापक त्याला घेऊन आंब्याखाली आले. बाई ओट्यावरून उतरल्या, सासूबाई बाजेवरून. मी माझ्या दारात होते.

“ही फांदी,” मुख्याध्यापक म्हणाले. “बुडापासून काढ. माकडांचा जिना झाला आहे.”

गड्याने वर पाहिले. “झाड कोणाचं व्हय?”

“शाळेचं. म्हणजे, यंदा या बाईंचं.”

त्याने कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेतली, पाते जमिनीला टेकवले आणि दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. “मंग बाईनं सांगावं.”

“सांगा न बाई,” शेजारच्या बाई म्हणाल्या. “माझ्या खोलीचे निम्मे कवेलू त्याइनंच फोडले. मागच्या हप्त्यात मशीनवर मातीच माती.”

मी फांदीकडे पाहिले. तिथे उभ्या असलेल्या माणसांत मला एकटीलाच माहीत होते की ही फांदी तुटली तर काय होईल. मादी त्या वेळी रानात गेलेली होती. पिलू वर होते आणि त्याला झेप घेता येत नव्हती. मादीला परतायला वाट उरली नसती. उरलेले अंतर तिच्या झेपेबाहेरचे होते. ती आंब्याच्या टोकापर्यंत आली असती आणि तिथून पाहत राहिली असती. कदाचित उतरून मैदान ओलांडण्याचे धाडस तिने केलेही असते. तिथे गावची कुत्री असत. आणि काही दिवसांनी, रस्ता जिथे संपतो तिथे, म्हणजे माझ्या आंब्यावर, तिने नवे घरटे बांधले असते.

हा शेवटचा विचार मी केला. स्पष्ट, सगळ्या पायऱ्यांसकट केला. बेहडा रिकामा. ओटा रिकामा. सासूबाईंची बाज माझ्या अंगणात. यासाठी मला एकच शब्द उच्चारायचा होता, आणि तो उच्चारावा असे शेजारीण स्वतःच मला सांगत होती. कोणीही मला दोष दिला नसता. तो शब्द तोंडात आला होता असे मी म्हणत नाही. पण तो कसा वाटेल ते मी आतल्या आत म्हणून पाहिले.

“नाही,” मी म्हणाले. “फांदी तोडायची नाही.”

“काऊन?” बाईंनी विचारले.

आता खरे कारण सांगायला किती सोपे होते. तुमच्या झाडावर पिलू आहे बाई, आणि ही त्याच्या आईची वाट आहे. मुख्याध्यापकांनी तत्काळ मान्य केले असते. पण ते सांगितले की पिलूही बाईंचे होणार. उद्या साऱ्या गावाला कळणार की बाईंकडे बाळ आले. पुन्हा चहा, पुन्हा खुर्च्या. आणि माझी फांदी ही त्या साऱ्या सोहळ्याची वाट म्हणून लोकांनी बोटाने दाखवायची. ते मला सहन होणार नव्हते.

“या फांदीचे आंबे सगळ्यांत गोड आहेत,” मी म्हणाले.

मग सासूबाईच म्हणाल्या, “अवो, त्या फांदीचे आंबे तू कधी खाल्ली? ते तं माकडंच खातेत!”

“तरी.”

“आंब्यापायी, बाई?” मुख्याध्यापक म्हणाले. त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटले होते. आणि ते जास्त लागले. “छपराचं काय मग?”

“मी करीन त्याचं.”

“कसं करणार? वर्गच त्या खोलीत घ्या मग तुम्ही. शिवणकाम तुमच्या खोलीत जाऊ द्या.”

“चालेल,” मी म्हणाले.

गड्याने कुऱ्हाड उचलून खांद्यावर टाकली. “बाई नाई म्हंते तं नाई,” तो मुख्याध्यापकांना म्हणाला, आणि फाटकाकडे चालू लागला. त्याच्या दृष्टीने प्रश्न संपला होता. आंब्यापायी नाही म्हणणे हे त्याला अजिबात विचित्र वाटले नाही. त्या वेळी आवारात मला बरा वाटलेला तो एकच माणूस.

बाई हसत भिंतीपाशी आल्या. “अवो बाई, मले सांगतलं असतं तं बजारातून टोपलं भरून आणून देली असती न मी. आंब्यासाठी कोणी वर्ग देते का?” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. रविवारी आलापल्लीच्या बाजारातून त्यांनी खरोखर आंबे आणले आणि सासूबाईंच्या हाती माझ्याकडे पाठवले. सासूबाईंनी ते कापून माझ्यापुढे ठेवले.

“घे. गोड हायेत. फांदीचे नोहोत, पण गोड हायेत.”

मी दोन फोडी खाल्ल्या. फार गोड होते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. माझा वर्ग शिवणकामाच्या खोलीत हलला आणि माझ्या खोलीतला, मी स्वतः रंगवून घेतलेला फळा बाईंकडे गेला. त्यावर त्या टाक्यांचे नमुने काढू लागल्या. माझ्या नव्या वर्गावर माकडे नाचत आणि कवेलूंचा भुगा मुलांच्या पाट्यांवर पडे. पालकांपैकी कोणीतरी विचारले की विज्ञानाच्या बाई इकडे काऊन आल्या, तेव्हा एका मुलीने प्रामाणिकपणे सांगितले, “बाईले आंबे लय आवडते.”

मृग सरता सरता एका सुटीच्या सकाळी मी अंगणात तांदूळ निवडत होते. भिंतीपलीकडे एकदम गलका झाला. मग बाईंचा आवाज आला, “हळू, हळू! ओरडू नोका, ते भिऊन राह्यलं!” आणि सगळे गप्प झाले.

मी सूप खाली ठेवले आणि वर पाहिले. आंब्याचा पाला आड येत होता. दोन पानांच्या फटीतून आधी मादी दिसली. फांदीवर पुढे येऊन थांबलेली, मान मागे वळवलेली. तिच्या मागे, बेहड्याच्या टोकाशी, एक लहान शेकरू चारही पायांनी डहाळीला मिठी मारून बसले होते. मग पाने हलली आणि मला दिसेनासे झाले.

“आलं,” सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या. “उडी मारली वो! पकडली फांदी. पकडली न?”

“पकडली आजी, पकडली.”

“आता चाललं मायच्या मागं. लय लहानसं हाय. शेपूटच मोठं.”

“बरं झालं फांदी राह्यली,” बाई म्हणाल्या. “नाई तं कुठून गेलं असतं? आंब्याच्या लोभानं का असंना, बाईनं वाचवलं त्याले.” सगळे हसले. हसणे चांगल्या मनाचे होते. मग त्यांनी भिंतीवरून हाक दिली, “बाई, या न इकडं! तिथून काय दिसते? आजीच्या बाजेवर जागा हाय.”

“इथूनही दिसतं,” मी म्हणाले.

तिथून काही दिसत नव्हते. माझ्या डोक्यावर पाने खसखसत होती, ती दोघे नेमकी माझ्याच वर कुठेतरी होती, आणि मान जाईल तेवढी मागे टाकूनही मला हिरव्याशिवाय काही सापडेना. पलीकडे सगळे एका दिशेने पाहत शांत बसले होते. मग राहवले नाही.

“आई,” मी भिंतीकडे तोंड न करताच विचारले, “काय करतंय?”

“खाऊन राह्यलं,” सासूबाई म्हणाल्या. “मायनं देलं ते.”

“काय देलं? साल की पान?”

“थांब, पाहू दे मले,” त्या म्हणाल्या, आणि पलीकडे त्यांची बाज करकरली.